लॉयोलाचा १९६२-६३ चा हंगाम: पार्श्वभूमी

शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २३ मार्च १९६३ रोजी लुईव्हिलच्या फ्रीडम हॉलमध्ये सिनसिनाटी विद्यापीठाला जादा वेळेत ६०-५८ असे हरवून एनसीएएचे, म्हणजे अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेचे, राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या हंगामात हा संघ ३१ सामने खेळला आणि त्यांपैकी २९ जिंकला. मात्र आज या हंगामाची आठवण निघते ती बहुतेक वेळा अंतिम सामन्यामुळे नव्हे, तर त्याच्या आठ दिवस आधी मिशिगन राज्यात झालेल्या एका हस्तांदोलनाच्या छायाचित्रामुळे. ते छायाचित्र महत्त्वाचे आहेच. परंतु ते काढण्याइतके महत्त्वाचे का वाटले, हे समजून घ्यायचे तर अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्या काळी पाळल्या जाणाऱ्या आणि कुठल्याही नियमपुस्तकात न सापडणाऱ्या दोन नियमांपर्यंत मागे जावे लागते. त्यांपैकी एक नियम उत्तरेचा होता आणि दुसरा दक्षिणेचा. लॉयोलाने त्या एकाच हंगामात दोन्हींना धक्का दिला.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला आणि काही वर्षांतच तो कॉलेजांमध्ये रुजला. एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि १९६३ पर्यंत संघांची संख्या २५ झाली होती. डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत साखळी सामने आणि दौरे, त्यानंतर विभागीय विजेते व निवडक स्वतंत्र संघ यांची बाद फेरी, अशी हंगामाची रचना होती. लॉयोला कोणत्याही विभागीय संघटनेत नव्हते, त्यामुळे निमंत्रण मिळवायचे तर हंगामातील कामगिरी डोळ्यांत भरावी लागे. तोवरच्या संपूर्ण इतिहासात या विद्यापीठाला एनसीएए स्पर्धेत एकदाही प्रवेश मिळाला नव्हता. न्यूयॉर्कच्या एनआयटी या निमंत्रित संघांच्या स्पर्धेत १९३९ आणि १९४९ साली मिळालेले उपविजेतेपद आणि १९६२ चा तिसरा क्रमांक, एवढीच काय ती कमाई होती.

त्या काळचा खेळ आजच्यापेक्षा वेगळा होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तीन गुणांची रेषा नव्हती. किती सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे याचे बंधन नव्हते. ते कॉलेज स्तरावर १९८५-८६ च्या हंगामात आले. त्यामुळे आघाडी घेतलेला संघ चेंडू हातात खेळवत मिनिटामागून मिनिटे घालवू शकत असे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास परवानगी नव्हती, म्हणजे आज निवडलेला खेळाडू प्रशिक्षकाला वर्षभरानंतरच वापरता येई.

आता पहिला नियम. उत्तरेकडील कॉलेजांच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि ते यशस्वीही होत होते. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ मध्ये बिल रसेल आणि के. सी. जोन्स यांच्या जोरावर विजेतेपद मिळवले होते. पण अनेक प्रशिक्षकांमध्ये असा समज रूढ होता की एका वेळी मैदानावर दोन, फार तर तीन कृष्णवर्णीय खेळाडू असावेत. हा समज कुणी कागदावर मांडला नव्हता, म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्याचीही सोय नव्हती. माजी विद्यार्थ्यांची नाराजी, देणगीदारांची कुजबुज आणि दक्षिणेकडील दौऱ्यांतील अडचणी ही कारणे पुढे केली जात. सगळीकडे हा समज सारख्याच कडकपणे पाळला गेला असे नाही. १९६२ च्या विजेत्या सिनसिनाटी संघात पहिल्या पाचांतील चार खेळाडू कृष्णवर्णीय होते. तरीही तो अपवादच होता.

लॉयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड १९५१ पासून या पदावर होते. त्यांनी खेळाडू शोधताना हा हिशेब बाजूला ठेवला. कर्णधार जेरी हार्कनेस आणि रॉन मिलर हे न्यूयॉर्कचे. लेस हंटर आणि व्हिक राऊज हे टेनेसीतील नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचे. हे चौघे कृष्णवर्णीय आणि पाचवा जॉन एगन हा शिकागोचाच गोरा खेळाडू. हार्कनेसची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे, कारण शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत तो शालेय संघात खेळलाच नव्हता. हार्लेमच्या वायएमसीएमध्ये बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी त्याचा खेळ पाहून त्याला कॉलेजपर्यंत जाता येईल असे सांगितले आणि त्यातून तो या वाटेला लागला. पर्ल हायस्कूल ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची शाळा होती. दक्षिणेत शाळा वेगळ्या, त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या, आणि त्या वेगळ्या स्पर्धांमध्ये पर्लचा दबदबा होता. घराजवळच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघात तेव्हा या मुलांना जागा मिळणे शक्य नव्हते. उत्तरेकडील एका जेझुइट (कॅथलिक) विद्यापीठाला असे दोन खेळाडू मिळाले, त्यामागे आयर्लंड यांची नजर होती तशीच दक्षिणेने स्वतः बंद करून घेतलेली दारेही होती.

डिसेंबर १९६२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील स्पर्धेत वायोमिंगविरुद्ध आयर्लंड यांनी बदली खेळाडू उतरवला आणि लॉयोलाचे पाचही खेळाडू एकाच वेळी कृष्णवर्णीय झाले. मोठ्या विद्यापीठांच्या स्तरावर असे पहिल्यांदाच घडत होते. खेळाच्या ओघात झालेली ती एक बदली होती. दौऱ्यांचा अनुभव मात्र कटू होता. न्यू ऑर्लीन्समध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्या सहकाऱ्यांपासून वेगळे, कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी उतरावे लागले होते. ह्यूस्टनमध्ये प्रेक्षकांनी शिव्यांचा भडिमार केला. संघ जिंकत राहिला. सलग २१ विजयांनंतर नेट थर्मंडच्या बोलिंग ग्रीन संघाने त्यांना हरवले आणि पुढे विचिटाने एका गुणाने. हंगामाच्या मध्यावर दोन महत्त्वाचे राखीव खेळाडू अभ्यासातील निकषांमुळे बाद झाले, आणि त्यानंतर आयर्लंड यांचा सारा भार त्या पाच जणांवरच राहिला.

दुसरा नियम मिसिसिपीचा. ज्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू आहेत त्याच्याशी राज्याच्या विद्यापीठांनी खेळायचे नाही, असा तो नियम होता. कायदा नव्हता, पण राज्य सरकारचे अनुदान आणि राजकीय दबाव यांच्या जोरावर तो कायद्याइतकाच चालत असे. प्रशिक्षक बेब मॅकार्थी यांच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये साउथईस्टर्न या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या विभागाचे विजेतेपद मिळवले आणि तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण नाकारले. १९५९ च्या संघात बेली हॉवेलसारखा खेळाडू होता आणि त्या संघाने हंगामात फक्त एक सामना गमावला होता. गोऱ्या खेळाडूंचेही या नियमाने किती नुकसान केले, हे या तीन वर्षांकडे पाहिले की कळते. वर्णभेदाची खरी झळ अर्थातच ज्यांना त्या विद्यापीठात पाऊलही ठेवता येत नव्हते त्यांनाच होती.

मिसिसिपी स्टेटने १९६३ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले, तेव्हा राज्यातील वातावरण अत्यंत तापलेले होते. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, जेम्स मेरिडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून ऑक्सफर्ड येथे दंगल झाली होती. तीत दोन जणांचा जीव गेला आणि केंद्राला सैन्य पाठवावे लागले होते. अशा वेळी मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोल्व्हार्ड यांनी २ मार्च रोजी जाहीर केले की सक्षम अधिकाऱ्याने रोखले नाही तर संघ स्पर्धेला जाईल. गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी विरोध केला. विद्यापीठांच्या नियामक मंडळाने मात्र बहुमताने कोल्व्हार्ड यांच्या निर्णयाच्या आड न येण्याचे ठरवले. एका राज्य सिनेटरने अखेरच्या क्षणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, आणि तो बजावण्यासाठी शेरीफचे लोक विद्यापीठाच्या गावी, स्टार्कव्हिलला निघाले.

त्यानंतरचे काही तास सांगण्यासारखे आहेत. हुकूम ज्यांच्यावर बजावायचा ते हातीच लागू नयेत म्हणून कोल्व्हार्ड शेजारच्या अलाबामात गेले. मॅकार्थी आणि क्रीडा संचालक मोटारीने मेम्फिसकडे निघाले आणि तेथून नॅशव्हिलला पोचले. १४ मार्चच्या सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवण्यात आले आणि प्रमुख खेळाडू वसतिगृहात थांबले, म्हणजे कुणी अडवलेच तर अडकतील ते राखीव. विमानतळावर कुणीही अडवायला आले नाही. मग सारे विमानात बसले, नॅशव्हिलला प्रशिक्षकांना भेटले आणि सामन्याच्या ठिकाणी, मिशिगनमधील ईस्ट लान्सिंगला पोचले. खेळायला जाण्यासाठी एका विद्यापीठाच्या संघाला स्वतःच्याच राज्यातून असे निसटावे लागले, यावरून त्या न लिहिलेल्या नियमाची ताकद कळते.

लॉयोलाने दरम्यान पहिल्या फेरीत टेनेसी टेकला १११-४२ असे नमवले होते, आणि आता त्यांची गाठ मिसिसिपी स्टेटशी होती. टेनेसी टेकविरुद्धचा ६९ गुणांचा हा फरक पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेतील विक्रम ठरला. हार्कनेसला वसतिगृहाच्या पत्त्यावर कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेकडून धमकीची पत्रे येत होती. १५ मार्चच्या संध्याकाळी जेनिसन फील्ड हाउसमध्ये सामना सुरू होण्यापूर्वी तो मैदानाच्या मध्यावर मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड याच्याशी हात मिळवायला गेला, आणि एकदम चहूबाजूंनी कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. ही लढत साधी नाही हे त्या क्षणी जाणवले, असे हार्कनेसने पुढे अनेकदा सांगितले. खेळ मात्र शिस्तीत झाला. मिसिसिपी स्टेटने सुरुवातीला ७-० अशी आघाडी घेतली आणि संथ गतीने खेळून लॉयोलाला सतावले. पुढे त्यांचा प्रमुख खेळाडू लेलंड मिचेल पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि लॉयोला ६१-५१ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकासाठी मिसिसिपी स्टेटने बोलिंग ग्रीनला, म्हणजे थर्मंडच्या संघाला हरवले. एका आठवड्यात दोनदा नियम मोडला गेला होता, आणि घरी परतल्यावर ज्याची भीती घातली गेली होती तसे काहीही घडले नाही.

लॉयोलाने पुढे इलिनॉयला ७९-६४ असे आणि उपांत्य सामन्यात, ज्यांच्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता त्या ड्यूकला ९४-७५ असे हरवले. अंतिम सामन्यात समोर सिनसिनाटी होते. १९६१ आणि १९६२ चे विजेते, सलग पाचव्यांदा शेवटच्या चारांत आलेले. लॉयोला देशात सर्वाधिक गुण करणारा संघ, तर सिनसिनाटी सर्वांत कमी गुण देणारा. सुरुवातीला मैदानात उतरलेल्या दहा खेळाडूंपैकी सात कृष्णवर्णीय होते. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पूर्वी कधीच झाले नव्हते. माझ्या मते त्या हंगामातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण तिचे छायाचित्र काढावे असे फारसे कुणाला वाटले नाही. लोक सामना पाहत होते.

आणि सामना खरोखरच विलक्षण झाला. लॉयोलाचे पहिल्या १४ पैकी १३ फेक चुकले. उत्तरार्धात सिनसिनाटीची आघाडी १५ गुणांपर्यंत गेली आणि वेळेचे बंधन नसल्याने त्यांनी चेंडू खेळवत ठेवण्याचा मार्ग धरला. तोच त्यांना नडला. लॉयोलाने मैदानभर दडपण आणले, सिनसिनाटीच्या हातून चेंडू निसटू लागला. संपूर्ण सामन्यात त्यांनी १६ वेळा चेंडू गमावला, तर लॉयोलाने फक्त तीनदा. अखेरची १२ सेकंद उरली असताना सिनसिनाटी एका गुणाने पुढे होते आणि त्यांच्या लॅरी शिंगलटनला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) मिळाले. पहिला आत गेला. दुसरा गेला असता तर सामना तिथेच संपला असता, तो चुकला. हंटरने रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला चेंडू, घेतला, चेंडू मिलरकडून हार्कनेसकडे आला आणि त्याने ५४-५४ अशी बरोबरी साधली. जादा वेळेच्या शेवटीही गुण समान होते. अखेरच्या फेकीसाठी थांबलेल्या लॉयोलाकडून हार्कनेसने हंटरला पास दिला, हंटरचा फेक कडेला लागून बाहेर आला आणि राऊजने तो उडी मारून आत ढकलला. ८४ पैकी केवळ २३ फेक यशस्वी ठरलेला संघ विजेता झाला. ४५ मिनिटांत आयर्लंड यांनी एकही बदली खेळाडू उतरवला नाही. तेच पाच जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानावर होते.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीला ७२-६५ असे हरवले, आणि वर्णभेद मोडणारा सामना म्हणून पुढे त्याचेच नाव अधिक झाले. समोरचा संघ पूर्णपणे गोरा असल्याने ते चित्र अधिक ठसठशीत होते, हे खरे. पण त्यामुळे लॉयोलाचा हंगाम मागे पडला, हे मला अन्यायाचे वाटते. मान्यता उशिराच आली. २०१३ मध्ये त्या संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावण्यात आले आणि कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये संपूर्ण संघ म्हणून स्थान मिळाले. गोल्ड आणि हार्कनेस यांचा स्नेह टिकला. २०११ मध्ये गोल्ड यांचे निधन झाले तेव्हा हार्कनेस अंत्यविधीला गेले होते.

दक्षिणेतील बदल मात्र एका सामन्याने झाला नाही. साउथईस्टर्न विभागात विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू पेरी वॉलेस डिसेंबर १९६७ मध्ये व्हँडरबिल्टकडून मैदानात उतरला, आणि तो हंटर व राऊज यांच्याच पर्ल हायस्कूलमधून आलेला होता. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६५ मध्ये दाखल झाला. त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९७० चे दशक उजाडावे लागले.