मुलांच्या हृदयस्नायूचा आनुवंशिक आजार : इको आणि जनुकीय तपासणी

घरात कोणाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, असल्याचे निदान झाले, की मुलांच्या काळजीने पालक फोंड्यातील आमच्या केंद्रात येतात. हा आजार साधारण 500 प्रौढांमागे एकास आढळतो, आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकात त्यास कारणीभूत जनुकीय बदल असल्यास तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता 50 टक्के असते.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, उपाशीपोटी करावा लागत नाही. उलट मुलाला खाऊ घालूनच आणावे, कारण भुकेले मूल रडत राहिले की मापे नीट मिळत नाहीत. वाढत्या मुलाच्या हृदयाच्या भिंतीची जाडी नुसती मिलिमीटरमध्ये वाचून भागत नाही, तर उंची-वजनाशी ताडून तिचा झेड-स्कोअर, म्हणजे तेवढ्याच अंगकाठीच्या मुलांच्या सरासरीपासून ती किती दूर आहे याचे माप, काढावा लागतो. म्हणून शाळेच्या कार्डावरचे वजन न धरता आम्ही प्रत्येक भेटीत मुलाला काट्यावर उभे करतो. शंका उरल्यास हृदयरोगतज्ज्ञ एमआरआय सुचवतात, ज्यात स्नायूतील व्रण दिसू शकतात. लहान मुलांना त्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते, त्यामुळे तो रुग्णालयातच करावा.

जनुकीय तपासणी मात्र मुलापासून सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी आजारी व्यक्तीचे रक्त तपासावे. ती व्यक्ती बोटीवर किंवा आखातात नोकरीला असेल, तर चतुर्थीला घरी येईपर्यंत मुलाचा इको तेवढा करून घ्यावा. तिच्यात आजाराचे कारण ठरणारा बदल सापडला, तर मुलात फक्त तोच शोधायचा असतो. तो नसल्यास पुढचे वारंवार इको सहसा टळतात; असल्यास आजार होईलच असे नाही, पण दर 1 ते 2 वर्षांनी इको आणि ईसीजी करावा लागतो. आजारी व्यक्तीतच निश्चित बदल सापडला नाही, तर मुलांवर लक्ष इकोनेच ठेवावे लागते. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आल्यास त्यावरून मुलाविषयी निर्णय घेऊ नये. तो अहवाल जनुकीय समुपदेशकाला दाखवावा.

खेळताना मूल शुद्ध हरपून पडले, तर आमच्याकडे वेळ न मागता 108 वर फोन करून त्याला थेट रुग्णालयात न्यावे.