शोकांतिकेतील महत्त्वाकांक्षा आणि नियती

पदरी पडले त्याहून जास्त मिळवू पाहणारा, किंवा कपाळी लिहिलेले चुकवू पाहणारा नायक आणि त्याच खटपटीतून ओढवणारा त्याचा नाश, हे पाश्चात्त्य शोकांतिकेचे एक फार जुने कथासूत्र आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या रंगभूमीवर ते दिसते. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये त्याला राजसत्तेच्या हव्यासाचे रूप आले आणि पुढे जर्मन, भारतीय व आधुनिक मराठी नाटकांतही ते वेगवेगळ्या वेषांत वावरले. शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ (सु. १६०६) हे त्याचे सर्वांत बारकाईने रचलेले उदाहरण असल्याने या नोंदीत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

‘दैवापुढे माणसाचे काही चालत नाही’ एवढाच अर्थ अशा नाटकांतून अनेकदा काढला जातो. तो अपुरा आहे. या नाटकांत दैव स्वतः हातपाय हलवताना सहसा दिसत नाही. भविष्यवाणी उच्चारली जाते आणि ती खरी करण्याचे सगळे काम नायक स्वतःच, स्वतःच्या बुद्धीने आणि बहुधा मोठ्या उत्साहाने करतो.

ग्रीक रंगभूमी

एस्किलसच्या ‘पर्शियन्स’मध्ये (इ. स. पू. ४७२) इराणचा सम्राट झर्क्सीझ समुद्राच्या अरुंद पट्टीवर पूल बांधून ग्रीसवर चालून जातो आणि सालामिसला आरमार गमावून फाटक्या वस्त्रांनिशी परततो. त्याच्या बापाचे, दारयवहूचे भूत थडग्यातून वर येऊन पोराने समुद्रालाच बेड्या घातल्याचा संताप व्यक्त करते. इथे मर्यादा ओलांडणारी महत्त्वाकांक्षा आणि तिची शिक्षा असा सरळ हिशेब आहे. सालामिसची लढाई इ. स. पू. ४८० मधली, म्हणजे प्रेक्षकांतले कितीतरी जण स्वतः त्या लढाईत वल्ही मारलेले असणार.

सॉफोक्लीजचा ईडिपस मात्र महत्त्वाकांक्षी म्हणता येत नाही. ‘मुलगा बापाला मारील’ हे भाकीत टाळण्यासाठी थीब्जचा राजा लायस तीन दिवसांच्या बाळाचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकून द्यायला लावतो. धनगराला दया येते आणि मूल कॉरिंथच्या राजाकडे वाढते. मोठेपणी तेच भाकीत कानांवर पडल्यावर ईडिपस आईबाप समजत असलेल्या माणसांना वाचवण्यासाठी कॉरिंथ सोडतो. पुढे तीन रस्ते मिळतात तिथे रथातल्या एका म्हाताऱ्याशी त्याची जुंपते. इथे प्रत्येक जण भाकीत टाळतो आहे आणि टाळण्याचे प्रत्येक पाऊल भाकिताच्या दिशेनेच पडते आहे. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा हे सारे कधीच होऊन गेलेले असते. ईडिपस रंगमंचावर करतो ते फक्त तपासाचे काम, आणि थांब म्हणणाऱ्यांना न जुमानता तो ते तडीस नेतो.

अ‍ॅरिस्टॉटलला हे नाटक फार पसंत होते. कॉरिंथचा दूत ईडिपसची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्याने सारे उलटते, हा प्रसंग त्याने कलाटणीचे उदाहरण म्हणून दिला आहे. पण नायकाच्या पतनाचे कारण म्हणून तो ज्याकडे बोट दाखवतो त्याला मराठीत सामान्यतः ‘प्रमाद’ म्हणतात. ती महत्त्वाकांक्षा नव्हे. ‘अतिमहत्त्वाकांक्षा हा शोकनायकाचा दोष’ हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतले पाठ वाक्य अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपवले जाते, पण त्याचे मूळ त्याच्या ‘काव्यशास्त्र’ या ग्रंथापेक्षा शेक्सपिअरच्या अभ्यासात आहे. विंदा करंदीकरांनी तो ग्रंथ मराठीत आणलेला असल्याने वाचकाला हे स्वतः पडताळून पाहता येते.

दैवाचे चाक

मध्ययुगीन युरोपात दैवाचे चित्र फिरत्या चाकाचे होते. जो वर चढला तो खाली येणार, त्याच्या चांगुलपणाशी वा वाईटपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. या चाकाला पहिला उघड धक्का इंग्रज नाटककार क्रिस्टोफर मार्लोने दिला. त्याच्या ‘टँबरलेन’ या दोन भागांच्या नाटकातला तैमूरलंग म्हणतो की, नियतीच्या देवतांना मी लोखंडी साखळ्यांनी जखडले आहे आणि दैवाचे चाक माझ्या हाताने फिरवतो आहे. पहिला भाग त्याच्या विजयातच संपतो, त्याला कसलीही शिक्षा होत नाही. दुसऱ्या भागात तो आजाराने मरतो, तेही जगाचा नकाशा मागवून अजून काय काय जिंकायचे राहिले ते पाहत. मार्लोच्याच ‘डॉक्टर फॉस्टस’मध्ये नायक २४ वर्षांच्या ऐश्वर्याच्या बदल्यात आत्मा लिहून देतो, स्वतःच्या रक्ताने. मात्र एवढी शक्ती हाती आल्यावर तो करतो काय, तर पोपची थट्टा आणि बादशहाच्या दरबारात जादूचे खेळ. महत्त्वाकांक्षेचा हा फुसकेपणा मार्लोने मुद्दाम दाखवला की नाटकाची संहिताच बिघडलेली आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रंगमंचावर मात्र तो चांगलाच बोचतो.

मॅकबेथ

ऐतिहासिक मॅकबेथने १०४० मध्ये राजा डंकनला लढाईत मारले आणि १०५७ पर्यंत स्कॉटलंडवर राज्य केले. मधल्या काळात तो रोमची यात्राही करून आला, म्हणजे गादी तेवढी स्थिर असणार. शेक्सपिअरने कथा घेतली ती हॉलिनशेडच्या बखरीतून आणि घेताना दोन मोठे बदल केले. बखरीत मॅकबेथच्या बरोबरीचा सरदार बँको हा डंकनच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा आपला वंश बँकोपर्यंत नेत असे, तेव्हा नाटकात बँको निष्कलंक झाला. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आहे. वारसाहक्काच्या जुन्या रीतीप्रमाणे गादीवर आपलाही दावा लागतो, अशी बखरीतल्या मॅकबेथची तक्रार आहे. शेक्सपिअरने ती गाळली. नायकाच्या हाती कायद्याचे एकही निमित्त उरू दिले नाही.

तिघी चेटकिणी त्याला ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि भावी राजा म्हणून हाक मारतात. खून कर असे त्या कुठेही म्हणत नाहीत. काही क्षणांतच निरोप येतो की राजाने कॉडॉरची सरदारकी मॅकबेथला दिली आहे. एक भाकीत बसल्या जागी खरे झाले. दैवाला मला राजा करायचे असेल तर ते माझ्या हालचालीवाचूनही करील, असे तो स्वतःशी म्हणतोही. हा विचार त्याने पुढच्या प्रवेशापर्यंत टिकवला असता तर नाटक झालेच नसते. पण त्या प्रवेशात डंकन आपल्या मुलाला, माल्कमला वारस जाहीर करतो आणि मॅकबेथचा धीर सुटतो. भाकितावर विश्वास आहे, पण ते आपोआप घडण्याइतकी सवड द्यायची तयारी नाही.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. आत राजाची पंगत चालू आहे, ताटे घेऊन नोकर रंगमंचावरून जातात आणि यजमान पाहुण्याला सोडून एकटा बाहेर येतो. तो जे बोलतो त्यात खुनाच्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. आपण राजाचे नातलग, त्याचे प्रजाजन आणि वर यजमान. मारेकऱ्याला दार बंद करायचे ते आपणच. राजा सौम्य आणि सचोटीचा. आपण पाजलेले विष फिरून आपल्याच ओठांशी येते. आपल्याजवळ उरते ती एकच गोष्ट, उडी मारताना पलीकडे जाऊन आदळणारी महत्त्वाकांक्षा. वकील असता तर खटला इथेच काढून घेतला असता. तेवढ्यात त्याची बायको लेडी मॅकबेथ येते. ती त्याच्या एकाही मुद्द्याचे उत्तर देत नाही, त्याच्या मर्दपणाला डिवचते आणि पुढच्या पन्नासेक ओळींत बेत पक्का होतो. ईडिपसला ठाऊक नव्हते. मॅकबेथला सगळे ठाऊक आहे, आणि या नाटकाची भीती वाटते ती त्यामुळे.

खरा गुंता गादी मिळाल्यावर सुरू होतो. चेटकिणींनी बँकोला सांगितले होते की, तू राजा होणार नाहीस, पण तुझे वंशज होतील. मॅकबेथला स्वतःविषयीचे भाकीत शंभर टक्के खरे हवे आहे आणि त्याच तोंडून, त्याच वेळी आलेले बँकोविषयीचे भाकीत खोटे पाडायचे आहे. तिसऱ्या अंकात तो नियतीला आखाड्यात उतरून शेवटपर्यंत झुंजण्याचे आव्हान देतो. ज्या नियतीने मुकुट दिला असे तो मानतो, तिलाच हे आव्हान आहे. मारेकरी बँकोला मारतात, मशाल विझते आणि अंधारात त्याचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. मॅकबेथच्या वागण्यातली ही विसंगती शेक्सपिअर कुणाच्याही तोंडून सांगत नाही. प्रेक्षकाने ती ओळखावी, एवढीच अपेक्षा.

चौथ्या अंकात तो पुन्हा चेटकिणींकडे जातो, या वेळी स्वतःहून. मॅकडफ या सरदारापासून सावध राहा, स्त्रीने जन्म दिलेला कोणीही तुला इजा करू शकणार नाही, बर्नमचे रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, अशी तीन उत्तरे त्याला मिळतात. दुसऱ्या उत्तरानंतर मॅकडफला जिवंत ठेवायला हरकत नसावी. मॅकबेथलाही तसे वाटते आणि लगेच तो म्हणतो की खात्रीवर आणखी खात्री हवी, नियतीकडून रोखा लिहून घेतला पाहिजे. सावकारी व्यवहाराचीच ही भाषा आहे. इतक्यात कळते की मॅकडफ इंग्लंडला पळाला. मग तो मॅकडफच्या बायकोमुलांना कापून काढतो, ज्यांच्याविषयी कुठल्याही भाकितात अवाक्षर नव्हते. मॅकडफ शेवटी त्याच्यासमोर उभा राहतो तो या कत्तलीचा सूड घेण्यासाठी. रोखा लिहून घेण्याच्या नादात त्याने आपला मारेकरी पक्का केला.

शेवट सर्वांना माहीत आहे. आपले संख्याबळ लपवण्यासाठी माल्कम सैनिकांना फांद्या तोडून हाती धरायला सांगतो आणि रान चालू लागते. मॅकडफ आईचे पोट फाडून अकाली काढलेला निघतो. चेटकिणींचे बोलणे ‘नरो वा कुंजरो वा’ जातीचे होते, शब्दाला खरे आणि अर्थाला खोटे. लंडनच्या पहिल्या प्रेक्षकांना हा विषय ताजा होता. १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीला आला होता आणि १६०६ च्या खटल्यात हेन्री गार्नेट या जेझुइट पाद्र्याच्या दुटप्पी उत्तरांचा बराच बोभाटा झाला होता. नाटकातला दारुडा द्वारपाल अशाच एका दुटप्प्याचे नरकात स्वागत करतो, ही थट्टा कुणावर आहे हे तेव्हा सांगावे लागले नसणार.

मुहूर्त पाहणारा सेनापती

नियतीवर ताबा मिळवण्याची एक रीत काहीच न करता योग्य घटकेची वाट पाहण्याची आहे. तिच्यावरचे मोठे नाटक जर्मन नाटककार शिलरचे ‘वालेनश्टाइन’, १७९९ मध्ये पूर्ण झालेली नाट्यत्रयी. तीस वर्षांच्या युद्धातला हा सम्राटाचा सेनापती शत्रूशी संधान बांधतो, पण ग्रह अनुकूल होईपर्यंत उघड पाऊल टाकत नाही. ग्रह जुळतात तोवर पत्रे पकडली गेलेली असतात. खऱ्या वालेनश्टाइनचा १६३४ मध्ये एगर इथे खून झाला. त्याची पत्रिका मांडणाऱ्यांत खुद्द खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर होता, हे मात्र नाटककाराला कल्पनेने रचावे लागले नाही.

भारतीय व मराठी रंगभूमी

संस्कृत नाट्यपरंपरेने शोकान्त टाळला. भासाच्या नावावरचे ‘ऊरुभङ्ग’, ज्यात मांडी फुटलेला दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, हा ठळक अपवाद. आकाशवाणी ऐकून देवकीची मुले मारणारा कंस हा लायस आणि मॅकबेथ यांचा भाऊबंद शोभतो, पण आपल्याकडे कथेचा नायक कृष्ण असल्याने कंसाच्या बाजूने ती कधी फारशी सांगितली गेली नाही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’मध्ये उलटाच प्रकार दिसतो. नंदकुळाचा नाश दैवाने केला असे चंद्रगुप्ताने म्हणताच चाणक्य फटकारतो, ‘दैवमविद्वांसः प्रमाणयन्ति’, दैवाचा हवाला अडाणी देतात. आणि नाटक त्यालाच जिंकवते. माणसाने घटनांवर मिळवलेल्या पूर्ण ताब्याचे इतके निर्धास्त चित्रण युरोपच्या नाटकात क्वचितच सापडेल.

‘मॅकबेथ’ मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले ते शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ या रूपांतराने. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ मुंबई मराठी साहित्य संघाने १९५४ मध्ये हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होते. ईडिपस पु. ल. देशपांड्यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधून वाचकांपर्यंत पोहोचला. विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’ (२००३) या हिंदी चित्रपटाने कथा मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणली. तिथे चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस आहेत, आणि भविष्य सांगून झाल्यावर ते घडावे म्हणून अधूनमधून हातही लावतात.

हाच बदल विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) आधीच झाला होता. पुण्यात चोरीचा आळ येऊन बेअब्रू झालेला परप्रांतीय ब्राह्मण सूडापोटी आपली मुलगी गौरी नाना फडणविसांपुढे टाकतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. आपण नानांना वापरून घेतले असे त्याला वाटते. नानांचा हिशेब त्याच क्षणी झालेला असतो: पापे आपली, शिव्या घाशीरामाला. इथे भाकीत नाही, चेटकिणी नाहीत. नियतीच्या जागी गादीवर बसलेला एक माणूस आहे, त्याला भविष्य सांगावे लागत नाही कारण ते त्याच्या सहीने ठरते. म्हणूनच घाशीरामाच्या वाट्याला मॅकबेथसारखे समजून-उमजून केलेले स्वगत येत नाही. त्याला कळते ते जमाव अंगावर आल्यावर. पुणेकर ब्राह्मण वाड्यावर चालून येतात, नाना घाशीरामाच्या मरणाच्या हुकमावर सही करतात, जमाव त्याला ठेचून मारतो आणि मग नाना पुढे होऊन शहरावरचे संकट टळल्याचे जाहीर करतात, तीन दिवस उत्सव करायला फर्मावतात.