पाऊस घाटात, पूर बाजारात

चिपळूणच्या बाजारपेठेत शिरणारं पुराचं पाणी बरंचसं वर घाटात पडलेलं असतं. पऱ्या-वहाळांतून ते काही तासांत वाशिष्ठी नदीत उतरतं. त्यात कोयनेच्या वीजगृहांतून येणाऱ्या पाण्याची भर.

पंचाईत अशी की पाऊस जिथे सर्वांत जास्त, त्या चढांवर पर्जन्यमापक विरळ. साध्या मापकाची नोंदही सकाळी साडेआठला, चोवीस तासांची एकदम. गोदावरीसारख्या लांबलचक नदीला तेवढं भागतं. कोकणातल्या जगबुडी किंवा सावित्री या नद्या रातोरात चढतात. तिथे २०० मिलिमीटर पाऊस दिवसभर झिमझिमत पडला की पहाटेच्या तीन तासांत कोसळला, यावर सगळं ठरतं.

ती वेळ उपग्रहाकडून कळते. नासा आणि जपानच्या जाक्सा या संस्थांनी २०१४ मध्ये सोडलेला जीपीएम उपग्रह आणि त्याचे साथीदार यांच्या नोंदी एकत्र करून ‘आयमर्ग’ नावाचा नकाशा तयार होतो. दर अर्ध्या तासाला एक, सुमारे दहा किलोमीटर बाजूच्या चौकोनांत.

कोकणात मात्र हा नकाशा चकतो. समुद्रावरचे दमट वारे सह्याद्रीला थडकून वर चढतात आणि बरेचदा ढग बुटकेच राहतात. त्यांचे माथे फार थंड होत नाहीत, हिमकणही कमी. उपग्रहाला नेमक्या याच खुणांवरून जोरदार पाऊस ओळखायची सवय. त्यामुळे खाली धो धो कोसळत असताना वरून आकडा कमी येतो. १०० चौरस किलोमीटरच्या एका चौकोनात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ कोटी घनमीटर पाणी. उपग्रहाने ६० मिलिमीटरच धरले, तर ४० लाख घनमीटर हिशेबातून गायब! म्हणून एकूण पाऊस मापकाचा घ्यायचा आणि तो कोणत्या तासाला किती पडला याची वाटणी उपग्रहाच्या नोंदीवरून करायची. मला हीच जोडी सर्वांत भरवशाची वाटते.

पुढचं काम प्रतिमानाचं, म्हणजे पडलेल्या पावसावरून नदीत किती पाणी येईल हे काढणाऱ्या गणिताचं. खोरं म्हणजे बुडाला भोक असलेला रांजण, असं ते धरून चालतं. मृगाचा पाऊस तहानलेली माती आणि जांभा पिऊन टाकतात. पुष्यापर्यंत रांजण काठोकाठ भरलेला असतो, मग तेवढाच पाऊस थेट नदीत जातो. भोक केवढं, हे नदीचा मोजलेला प्रवाह पाहून ठरवतात. तशी मोजणीच नसेल, तर उतार, माती आणि जंगल सारखं असलेल्या शेजारच्या खोऱ्याचे आकडे उसने घेतात. जगभरच्या जलशास्त्रज्ञांनी २००३ ते २०१२ हे अख्खं दशक याच प्रश्नाला वाहिलं होतं.

आयमर्गचा पहिला नकाशाही हाती यायला सुमारे चार तास लागतात. कोकणातल्या नदीसाठी हा उशीरच, त्यामुळे आयत्या वेळच्या इशाऱ्याला घाटमाथ्यावरचे स्वयंचलित मापकच हवेत. पण २२ जुलै २०२१ सारखा पूर तासातासाने पुन्हा मांडून पाहायला, पुलाची उंची किंवा पूररेषा ठरवायला या नोंदी फार मोलाच्या आहेत. तेव्हाही खाडीतली भरती प्रतिमानाला वेगळी सांगावी लागते; उधाणाच्या वेळी नदीचं पाणी समुद्रात लवकर ओसरत नाही, आणि पावसाच्या नकाशात समुद्राच्या पातळीची नोंद नसते.