काळ्या जमिनीतले पाणी आणि एक वक्ररेषा

पावसाळा सरताना तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पेरलेली दादर ज्वारी पुढे ओलिताची सोय नसली, तरी जमिनीतल्या ओलीवर कणसात येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड बरडावर मात्र पावसाने जरा लांब उघडीप दिली की कपाशी माना टाकते. भारी जमीन पाणी धरते आणि हलकी सोडते, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. गणिताचे काम त्यापुढे सुरू होते. जमिनीत पाणी किती आहे एवढ्याने भागत नाही. ते किती ताणाने धरलेले आहे आणि मुळांना त्यातले किती ओढून घेता येईल, हे आकड्यात सांगावे लागते.

मातीच्या कणांमधली पोकळी जितकी अरुंद, तितके तिच्यातले पाणी घट्ट. हा ताण पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात आणि त्याचा हिशेब सोपा आहे: ०.१५ या संख्येला पोकळीच्या सेंटिमीटरमधील त्रिज्येने भागले की ती पोकळी रिकामी करायला लागणारा ताण सेंटिमीटरमध्ये मिळतो. ०.१५ मिलिमीटर त्रिज्येची पोकळी १० सेंटिमीटर ताणाला रिकामी होते. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या त्रिज्येच्या पोकळीला १५,००० सेंटिमीटर लागतात. पाणी निथळून गेल्यावर शेतात उरणाऱ्या ओलीचा ताण सर्वसाधारणपणे ३३० सेंटिमीटर धरतात. १५,००० सेंटिमीटरला बहुतेक पिके कायमची सुकतात. या दोन खुणांमधले पाणी तेवढे पिकाचे.

मातीतल्या पाण्याकडे ताणाच्या भाषेत पाहण्याची सुरुवात एडगर बकिंगहॅम या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये केली. ताण वाढत जाताना ओल कशी घटते याची वक्ररेषा त्यानंतर अनेकांनी काढली; पण ती संपूर्ण, गुळगुळीत आणि संगणकाला सोयीची अशा एका सूत्रात बसवली मार्टिनुस व्हान गेनुख्टेन यांनी, १९८० मध्ये. त्यात अल्फा आणि एन हे दोन स्थिरांक मातीगणिक वेगळे असतात. ताणाला अल्फाने गुणायचे, गुणाकाराचा एन हा घात घ्यायचा, त्यात एक मिळवायचा, येणाऱ्या संख्येचा एम हा घात घेऊन त्याने एकाला भागायचे. एम म्हणजे एकातून एनचा व्यस्तांक वजा केल्यावर उरते ते. संपृक्त, म्हणजे सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या, मातीची ओल आणि कितीही ताणले तरी न सुटणारी ओल यांच्यातल्या फरकापैकी केवढा अंश मातीत शिल्लक आहे, ते या भागाकारातून कळते. अल्फा मोठा असेल तर पाणी लवकर सुटू लागते. एन मोठा असेल तर सुटू लागल्यावर झपाट्याने निघून जाते.

अमेरिकन मातींसाठी काढलेल्या या स्थिरांकांच्या प्रचलित सरासरी घेऊन हिशेब केला, तर वाळूत संपृक्त अवस्थेत आकारमानाच्या ४३ टक्के असलेली ओल १० सेंटिमीटर ताणालाच निम्म्यावर येते आणि ३३० ला पाच टक्क्यांच्याही खाली जाते. चिकणमातीत ३८ टक्क्यांपैकी ३३० ला सुमारे ३५ आणि १५,००० ला २७ टक्के उरतात. म्हणजे पीक सुकून गेले तरी त्या मातीचा पावभर भाग पाणीच असतो आणि पिकाच्या वाट्याला आलेले असतात जेमतेम आठ टक्के. एक मीटर खोलीत ते ७५ मिलिमीटरच्या आसपास भरते. एवढ्यावर दादर निभावून नेणे अवघड आहे, आणि इथेच परक्या सरासरीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीतले स्मेक्टाइट हे खनिज आपल्या थरांच्या मध्येही पाणी घेते. खोल काळ्या जमिनीत पिकाला मिळू शकणारे पाणी या सरासरीपेक्षा सहसा बरेच जास्त असते.

शिवाय ही माती फुगते आणि आकसते. प्रयोगशाळेत पोलादी कड्यात भरलेला काळ्या मातीचा नमुना भिजवला की कड्याच्या वर येतो आणि सुरीने तासावा लागतो. तोच नमुना सच्छिद्र चकतीवर ठेवून दाब वाढवत नेला की आकसून कड्यापासून सुटतो. मग ओलीचे प्रमाण कोणत्या आकारमानाला धरून काढायचे? सूत्र पोकळ्यांचा आकार कायम आहे असे मानते, तर इथे पोकळीच बदलते आहे. म्हणून अशा मातीत ओल आधी वजनावर मोजतात आणि आकसण्याची वेगळी वक्ररेषा तिला जोडतात.

शेतात तर भेगाच पडतात. मे महिन्यात काळ्या रानातल्या भेगांत हात जातो. मृगाचा जोराचा पाऊस त्यांतून थेट खाली उतरतो आणि वरच्या ढेकळांचा गाभा कोरडाच राहतो. एका वक्ररेषेवर चालणारे प्रतिमान या वेळी साफ चुकते. त्यामुळे ढेकूळ आणि भेग यांची दोन स्वतंत्र गणिते मांडून त्यांच्यातली पाण्याची देवाणघेवाण मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात पुढे आली. तिला स्थिरांक मात्र दुप्पट लागतात, आणि ते आणायचे कुठून हा प्रश्न उरतोच.

रावेर-यावलच्या ठिबकवरच्या केळीत ही अडचण फारशी येत नाही, कारण झाडाच्या बुडाशी जमीन तडकेपर्यंत कोरडी पडूच देत नाहीत. तिथे टेन्शिओमीटरची चिनी मातीची टोपी मुळांजवळ पुरली की ताण सरळ वाचता येतो. पण हे उपकरण साधारण ८०० सेंटिमीटरपर्यंतच चालते. पुढे टोपीतून हवा शिरते. कोरडवाहू कपाशीच्या रानात ते पिकाच्या कितीतरी आधी हात टेकते. तिथे गिरमिटाने माती काढून, १०५ अंश सेल्सिअसला वाळवून, वजनातल्या फरकावरून ओल काढायची आणि त्या मातीसाठी बसवलेल्या वक्ररेषेवरून उलट दिशेने ताण वाचायचा, हाच मार्ग राहतो.