टॉवर, कोरोना आणि केळीचा भाव

जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे, पारावर अजून ऐकू येतं, 'फाइव्ह-जीच्या चाचणीनेच दुसऱ्या लाटेत माणसं गेली.' साफ चूक. लाट एप्रिल-मे २०२१ची. कंपन्यांना चाचणीची परवानगीच मिळाली ४ मेला, आणि १० मेला दूरसंचार विभागाने सांगितलं की देशात कुठेही चाचणी सुरू झालेली नाही. प्रत्यक्ष सेवा तर ऑक्टोबर २०२२मध्ये आली. शिवाय विषाणू काही रेडिओलहरींवर बसून फिरत नाही, तो माणसाच्या श्वासातून पसरतो. टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने २०१२मध्येच आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली होती. गंमत म्हणजे, गावात टॉवर नको म्हणणारेच केळीचा भाव विचारायला रेंज शोधत घराच्या धाब्यावर चढतात.