मर्लो की कॅबर्ने? आधी काजूचं बोंडू आठवा

मे महिन्यात मामेभाऊ दादरहून मालवणला आला तो दोन बाटल्या घेऊन. दोन्ही रेड वाइन, आपापल्या द्राक्षाच्या जातीच्या नावाच्या: एक मर्लो, दुसरी कॅबर्ने सोव्हिन्यों. मामीने दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि निकाल दिला, "माका दोनय सारकीच लागतत."

तिचं काही चुकलं नाही. बाटल्या दुपारभर ओटीवर तापत पडल्या होत्या, आणि गरम रेडमध्ये अल्कोहोलचा भपकाच पुढे येतो. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हे युरोपातल्या गार घरांपुरतं ठीक. आपल्याकडे फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांपर्यंत आणावी, मग चवीचं बोलावं.

त्यात या दोघी सावत्र बहिणी. बाप एकच, कॅबर्ने फ्रँक नावाचं द्राक्ष. कॅबर्ने सोव्हिन्योंची आई सोव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे चक्क पांढरं द्राक्ष; हे 1997 मध्ये डीएनए तपासणीतून कळलं. माहेर दोघींचं फ्रान्समधलं बोर्डो. तिथल्या पोमरोलच्या चिकणमातीत मर्लो रुजते, नदीपलीकडे मेदोकच्या खडीत कॅबर्ने. मर्लो आठवडा-दोन आठवडे आधी पिकते.

खरा फरक सालीत आहे. मर्लोचे मणी मोठे, साल पातळ. कॅबर्नेचे मणी लहान, साल जाड. म्हणून रसाच्या मानाने साल जास्त, आणि सालीतून उतरणारं टॅनिनही जास्त. टॅनिन म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. काजूचं बोंडू चावलं की जीभ खरखरीत होते, गालफडं आत ओढली जातात, तेच ते. कॅबर्नेचा घोट बोंडवाच्या जवळ जातो. मर्लो म्हणजे पूर्ण पिकलेलं जांभूळ: तुरटपणा आहे, पण गराच्या मागे लपलेला.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मर्लोची कड बऱ्याचदा लवकर विटकरी दिसू लागते, कॅबर्ने जांभळट राहते. मग नाक. मर्लोत आलुबुखारा, काळी चेरी. कॅबर्नेत ब्लॅककरंट या छोट्या काळ्या फळासारखा गडद वास, कधी हिरवी सिमला मिरची, कधी पेन्सिलला टोक काढताना येतो तसा लाकडाचा वास. व्हॅनिला किंवा धुराचा वास आला तर त्यावरून काही ठरवू नका. तो वाइन मुरवायच्या ओकच्या लाकडी पिंपाचा, दोन्हींत येऊ शकतो.

आता ताट. त्या रात्री बांगड्याचं तिखलं होतं, आणि भावाने हौसेने कॅबर्ने ओतली. पहिल्या घोटाला तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी याचं कारण दाखवलं: वाइनमधलं लोह माशातल्या तेलाशी भिडतं आणि उग्र, कुबट चव उठते. बांगडा, तारली असे तेलकट मासे तर नकोच. मर्लोही इथे वाचवत नाही. माशाला पांढरी वाइन घ्या, नाहीतर सरळ सोलकढी.

दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे झाले आणि मर्लोचं नशीब फळफळलं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, परतलेला कांदा, गरम मसाला. या गोडसर भाजक्या चवीला तिचं मऊ फळ बिलगतं. कॅबर्ने मात्र मिरचीशी भांडली. तिखटाची आग अल्कोहोल आणि टॅनिन दोन्हींनी भडकते, म्हणून तिखट हात असलेल्या घरात मर्लोच बरी, आणि तीही रस्सा बेताचा तिखट असेल तरच.

कॅबर्नेला चरबीचं मटण द्या, कमी तिखटाचं सुकं किंवा निखाऱ्यावर भाजलेलं. टॅनिन एरवी लाळेतल्या प्रोटीनला चिकटून तोंड कोरडं करतं. मटण असलं की मांसातल्या प्रोटीनशी गुंततं आणि घोट मऊ लागतो. मिठाचंही तसंच. बोंडवाला मीठ लावून खायची पोरांची जुनी युक्ती इथेही लागू पडते, त्यामुळे खारवलेले काजू दोन्हींबरोबर चालतात. ओल्या काजूची उसळ मर्लोबरोबर मला स्वतःला कोंबडीपेक्षाही आवडली, फक्त त्यात आमसूल घालू नका. आंबटापुढे मर्लो अगदीच मिळमिळीत लागते.

उरलेली कॅबर्ने बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मटणासोबत मामीने पुन्हा घोट घेतला, जीभ टाळूला लावून पाहिली आणि म्हणाली, "ह्या बोंडू."