मॅक ॲड्रेसचा तक्ता: कॅम्पस नेटवर्कवरची उपकरण-नोंदणी आली कुठून

विद्यापीठाच्या वायफायला नवा फोन जोडला की एक पान उघडतं, खात्याचं नाव आणि पासवर्ड मागतं आणि थोड्या वेळाने उपकरणाची नोंद झाल्याचं सांगतं. नोंद म्हणजे सर्व्हरवरच्या एका तक्त्यातली एक ओळ. तिच्यात एकीकडे उपकरणाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, असतो, दुसरीकडे माणसाचं खातं. हा तक्ता चाळीस वर्षांपासून चालत आला आहे आणि माणसं ओळखण्यासाठी तो कधी बनवलाच नव्हता. नोंदणीच्या आजच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचं, म्हणजे यंत्रं केबलने जोडायच्या पद्धतीचं, मानक प्रसिद्ध केलं आणि त्यात ४८ बिटांचा पत्ता ठरवला. हाच मॅक ॲड्रेस. लिहिताना त्याची १२ अक्षरं होतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली. पहिली सहा अक्षरं कार्ड बनवणाऱ्या कंपनीला दिलेली असतात, पुढची सहा ती कंपनी प्रत्येक कार्डाला वेगळी देते. एकाच केबलवरच्या दोन कार्डांचे पत्ते सारखे निघू नयेत, एवढ्यासाठीच ही सोय होती. हा पत्ता प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, उघडा लिहिलेला असतो, शेजारच्या यंत्राला तो वाचता येतो आणि ऑपरेटिंग सिस्टिममधून बदलताही येतो. ओळखपत्र म्हणून तो पहिल्यापासूनच कच्चा.

तरीही तो तक्त्यात आला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी हा प्रोटोकॉल आला. डिस्क नसलेलं वर्कस्टेशन सुरू झाल्यावर ‘माझा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कोणता?’ असं नेटवर्कला विचारायचं आणि सर्व्हर आपल्या फाइलीत त्याचा हार्डवेअर पत्ता शोधून उत्तर द्यायचा. ती फाइल प्रशासकाने हाताने लिहायची. म्हणजे यंत्र नेटवर्कवर यायचं असेल तर त्याचा पत्ता आधी कळवलाच पाहिजे. नोंदणी त्या वेळी तांत्रिक गरज होती.

ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपीचं, म्हणजे यंत्रांना आपोआप आयपी वाटणाऱ्या प्रोटोकॉलचं, पहिलं मानक आलं आणि ही गरज संपली. आता सर्व्हर कोणत्याही अनोळखी यंत्राला साठ्यातला एखादा पत्ता ठरावीक मुदतीच्या लीजवर देऊ शकत होता. पण वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत इथरनेटचे पॉइंट बसत गेले आणि विद्यापीठांना दुसराच प्रश्न पडला: रात्री दोन वाजता या आयपीवरून गैरप्रकार झाला, तर ते यंत्र कोणाचं? डीएचसीपीच्या लॉगमध्ये आयपी, वेळ आणि मॅक ॲड्रेस मिळतो. माणूस मिळत नाही. ती एक कडी जोडण्यासाठी जुना तक्ता पुन्हा उघडला गेला. नोंदणी पत्ता मिळवण्यासाठी उरली नाही, जबाबदारी ठरवण्यासाठी झाली. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच.

सुरुवातीला विद्यार्थ्यांकडून कागदी फॉर्म भरून घेत. बारा अक्षरं हाताने लिहायची म्हटल्यावर शून्याचा ओ होणार आणि आठाचा बी होणार. मग ते यंत्र काही केल्या जोडलं जायचं नाही. यावरचा नीटनेटका उपाय टेक्सासमधल्या साउथवेस्टर्न विद्यापीठात तयार झाला आणि १९९९ साली सिस्टिम प्रशासकांच्या लिसा परिषदेत मांडला गेला. त्याचं नाव नेटरेज. पुढच्या अनेक नोंदणी-यंत्रणा त्याच चालीवर चालल्या, म्हणून ती चाल जवळून पाहू.

तक्त्यात नसलेल्या यंत्राला डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या साठ्यातला आयपी देतो आणि त्याच्यासोबत एक खास डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर. हा डीएनएस सर्व्हर कोणतंही नाव विचारलं तरी एकच उत्तर देतो: नोंदणीच्या सर्व्हरचा आयपी. म्हणून ब्राउझरमध्ये काहीही टाइप केलं तरी नोंदणीचं पान उघडतं. वापरकर्ता खात्याने लॉगिन करतो. मॅक ॲड्रेस त्याला विचारावा लागत नाही. सर्व्हर तो लीजच्या नोंदीतून स्वतःच उचलतो. तक्त्यात ओळ पडते, डीएचसीपी सेवा नवी यादी वाचते आणि यंत्र रीस्टार्ट केलं की त्याला खऱ्या साठ्यातला आयपी मिळतो.

‘नोंदणी झाली, पण इंटरनेट नाही’ ही जुनी तक्रार याच शेवटच्या पायरीवर जन्मते. डीएचसीपीच्या नियमाने यंत्र लीजची निम्मी मुदत उलटेपर्यंत नवा पत्ता मागायला जात नाही. नोंदणीच्या साठ्याची लीज एक तासाची ठेवली, तर विद्यार्थी अर्धा तास जुन्याच पत्त्यावर अडकून राहतो. म्हणून ती लीज दोन-पाच मिनिटांचीच ठेवावी लागते. तेवढं थांबायचं नसेल तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करावं. विंडोजवर आयपीकॉन्फिगच्या रिलीज (पत्ता सोड) आणि रिन्यू (नवा घे) या दोन आज्ञा चालवल्या तरी काम होतं.

या पद्धतीत एक भोकही होतं. हाताने स्थिर आयपी टाकला की डीएचसीपीला विचारायची वेळच येत नाही आणि नोंदणी टळते. तोच आयपी दुसऱ्या कुणाला आधीच मिळालेला असेल, तर दोघांचीही जोडणी तुटक चालते. पुढे स्विचमध्ये, म्हणजे इमारतीतल्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीत, डीएचसीपी स्नूपिंग ही सोय आली. कोणत्या पोर्टला कोणता आयपी दिला हे स्विच लक्षात ठेवतो आणि सोर्स गार्ड ही जोडसोय लावलेली असेल, तर बाकीच्या आयपीची रहदारी टाकून देतो.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला, नेमका उत्तर अमेरिकेत विद्यार्थी वसतिगृहांत परतण्याच्या दिवसांत. मायक्रोसॉफ्टचं दुरुस्तीचं अपडेट १६ जुलैलाच आलं होतं, पण सुट्टीत बंद पडून असलेल्या यंत्रांना ते मिळालं नव्हतं. अपडेट उतरवायला नेटवर्कवर यावं, तर ते पूर्ण उतरण्याआधीच शेजारच्या खोलीतून लागण व्हायची आणि संगणक ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून रीस्टार्ट व्हायचा. नोंदणीच्या पानावर मग दुसरं काम आलं: आधी यंत्र तपासा, ते कच्चं असेल तर फक्त अपडेटच्या साइट उघड्या असलेल्या विलग जाळ्यात ठेवा, दुरुस्त झालं की मोकळं करा. नोंदणीचा दरवाजा होताच, त्यावर आरोग्य तपासणी बसली.

वायफायने मात्र तक्त्याला खरा पर्याय दिला. ८०२.१एक्स हे मानक २००१ सालचं. यात यंत्राला आयपी मिळण्याआधीच माणसाचं खातं तपासलं जातं. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायची पेटी, विचारणा रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे खाती तपासणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवतो. २००३ साली युरोपात सुरू झालेलं एज्युरोम हे विद्यापीठांचं सामायिक वायफाय यावरच उभं आहे. परक्या विद्यापीठात गेलं तरी खात्याची तपासणी आपल्या घरच्या विद्यापीठाकडेच होते. इथे मॅक ॲड्रेस कुठे लिहून ठेवायची गरजच नाही. फोनने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं पाहिजे, ही अट तेवढी पाळावी. ‘तपासू नका’ असं निवडलं की तेच नाव लावलेला कोणताही खोटा ॲक्सेस पॉइंट लॉगिनचे तपशील मिळवू शकतो. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून तो पर्याय काढला जाऊ लागला, ते योग्यच झालं.

तरी तक्ता संपला नाही, कारण गेम कन्सोल, प्रिंटर, टीव्ही आणि प्रयोगशाळेतली उपकरणं. यांतल्या अनेकांना खात्याने लॉगिन करताच येत नाही. त्यांच्यासाठी मॅकवरच प्रवेश द्यावा लागतो. लॅपटॉपच्या यूएसबी इथरनेट अडॅप्टरचं त्रांगडं निराळं: नोंद अडॅप्टरच्या मॅकची होते, लॅपटॉपच्या नव्हे. तो अडॅप्टर मित्राला दिला की मित्राची रहदारी मालकाच्या नावावर जमा होते.

मग फोनवाल्यांनी तक्त्याखालची जमीनच काढून घेतली. एकच मॅक सगळीकडे दाखवणारा फोन दुकानादुकानांतून माग काढता येण्याजोगा होता. २०१४ मध्ये आयओएस ८ ने नेटवर्क शोधताना खोटा पत्ता वापरायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने आणि २०२० च्या आयओएस १४ ने प्रत्यक्ष जोडणीतही प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता हीच मूळ सेटिंग केली. माग काढण्याविरुद्ध हे पाऊल हवंच होतं. पण पत्ता बदलला की नोंदवलेला फोन सर्व्हरला अनोळखी वाटतो, पान पुन्हा उघडतं आणि जुनी ओळ तशीच पडून राहते. दर माणशी पाच उपकरणांची मर्यादा असेल, तर एकच फोन तीन-चार जागा अडवून बसतो. डीएचसीपीलाही तो नवं गिऱ्हाईक वाटतो. १,०२२ पत्त्यांच्या साठ्यावर २४ तासांची लीज ठेवली, तर वर्दळीच्या इमारतीत दुपारपर्यंत पत्ते संपू शकतात. एका तासाची लीज तिथे बरी.

असा पत्ता ओळखायला दुसरं अक्षर पाहावं. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कंपनीने दिलेला नाही, यंत्राने स्वतः तयार केलेला आहे. मॅक हाताने नोंदवायचा असेल तर तो फोनच्या सर्वसाधारण माहितीच्या पानावरून घेऊ नये, त्या वायफाय जोडणीच्या तपशिलातून घ्यावा. दोन्ही वेगळे असू शकतात. आयओएस १८ पासून या सेटिंगमध्ये बंद, स्थिर आणि बदलता असे तीन पर्याय आहेत. कॅम्पसच्या नेटवर्कपुरता ‘स्थिर’ निवडला की पत्ता त्या नेटवर्कवर टिकून राहतो आणि बाहेरची खासगीपणाची सोयही जात नाही.

लॉगिन न करू शकणाऱ्या उपकरणांसाठी आता काही ठिकाणी प्रत्येक माणसाला किंवा उपकरणाला वेगळी वायफाय की (पासवर्ड) देतात. नेटवर्कचं नाव एकच राहतं. कोणती की वापरली यावरून मालक कळतो, त्यामुळे मॅक बदलला तरी बिघडत नाही. जिथे तक्ता अजून चालू आहे, तिथे प्रत्येक ओळीला मालक आणि संपण्याची तारीख असावी, आणि बरेच महिने नेटवर्कवर न दिसलेलं उपकरण आपोआप वगळलं जावं. तक्त्याने जोडलेली माणसाची कडी टिकवायची असेल, तर डीएचसीपी, रेडियस आणि फायरवॉल या तिघांची घड्याळं एकाच एनटीपी, म्हणजे वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरला लावावीत. लीज तासाभराची आणि घड्याळात दहा मिनिटांचा फरक असेल, तर तोच आयपी भलत्याच खोलीतल्या विद्यार्थ्याच्या नावावर निघू शकतो.